पाण्याच्या टाकीवर चालणारं स्वयंपाकघर

गाडीत राहून स्वयंपाक करतो म्हटलं की लोक आधी गॅसचं विचारतात, मग फ्रिजचं. पाण्याचं सहसा कोणी विचारत नाही. आमचं जेवण मात्र पाण्यावरच ठरतं. सकाळी उठलं की टाकीच्या बाजूच्या पारदर्शक नळीत पाणी कुठवर आहे ते बघायचं आणि मग दुपारी काय करायचं ते बोलायचं, हा आता शिरस्ताच झाला आहे. टाकी भरलेली असेल तर वरण-भात, भाजी, पोळी. पाणी तळाला गेलं असेल तर थालीपीठ आणि दही, एका तव्यावर.

आम्ही दोघं सांगलीचे. मी शाळेतून निवृत्त झाले, त्याच सुमारास नवऱ्यानेही नोकरी सोडली. सेकंड हँड ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन ती आतून बदलून घेतली आणि आरटीओत कॅम्पर व्हॅन म्हणून रीतसर नोंदवली. सरकत्या दाराशी हातभर लांबीचा स्टीलचा ओटा, दोन बर्नरची शेगडी, छोटं सिंक आणि खाली ड्रॉवर, एवढंच आमचं स्वयंपाकघर. वापराच्या पाण्याची टाकी 90 लिटरची, सांडपाण्याची वेगळी, आणि पिण्यासाठी 20 लिटरचा जार. आम्ही दोघंही जन्मापासून शाकाहारी. लांबच्या प्रवासात हॉटेलचं जेवण काही दिवस बरं वाटतं, नंतर तेच पनीर आणि तीच लाल ग्रेव्ही पोटाला नकोशी होते. म्हणून घरचं, साधं, रोज खाता येईल असं जेवण गाडीतच करायचं हे निघण्याआधीच ठरलं होतं.

गॅसचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. आमच्याकडे 5 किलोचा सिलिंडर आहे. इंडियन ऑइलने 2020 च्या डिसेंबरात त्याला ‘छोटू’ असं नाव दिलं. घेताना ओळखपत्र लागतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही, त्यामुळे गावोगाव फिरणाऱ्याला हाच सोयीचा. दोघांच्या स्वयंपाकाला तीनेक आठवडे पुरतो. पण एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि गळतीचा अलार्म छताला न लावता खाली लावायला हवा. सिलिंडर उभाच ठेवायचा, पट्ट्याने बांधायचा आणि गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद. थंडी कितीही असली तरी आतली हवा तापवायला शेगडी पेटवायची नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. या बाबतीत मी फार कडक आहे, पाहुण्यांनाही बोलते.

आता पाणी. घरी मला कधी मोजावं लागलं नव्हतं. गाडीत कळलं की स्वयंपाकाला पाणी थोडंच लागतं, सगळं जातं ते धुण्यात. भाजी धुणं, तांदूळ धुणं, हात धुणं आणि भांडी. म्हणजे पाणी वाचवायचं तर कमी शिजवून चालत नाही, कमी धुवावं लागेल असं शिजवावं लागतं. हे एकदा डोक्यात बसल्यावर सगळा मेनूच बदलला.

पालेभाजी सगळ्यात आधी मागे पडली. मेथीची एक जुडी नीट स्वच्छ करायची तर तीन पाणी लागतात, राजस्थानातली वाळू लागलेली असेल तर चार. त्यामुळे पालेभाजी फक्त त्या दिवशी, ज्या दिवशी गाडी एखाद्या नळापाशी उभी आहे. एरवी दुधी, गाजर, मुळा, कोबी. दुधीची साल निघते, कोबीची वरची पानं निघतात, आत धुवायला फारसं उरत नाही. भेंडी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. तशी ती घरीही पुसतातच, म्हणजे चिकट होत नाही. बटाटे सालीसकट उकडायचे. काकडी हा प्रवासातला मोठाच आधार.

कुकरचा आमचा एक क्रम ठरून गेला आहे. तीन लिटरचा स्टीलचा कुकर आहे, मुद्दाम स्टीलचा. ॲल्युमिनियमच्या कुकरात तळाचं पाणी काळपट होतं आणि मग ते फेकावंच लागतं. तांदळाचं पहिलं धुतलेलं पाणी मी एका मगात काढून ठेवते. खालच्या भांड्यात मुगाची डाळ, हळद, हिंग. वरच्या भांड्यात तांदूळ. कडेच्या जागेत दोन बटाटे चांगले घासून उभे करते. प्रेशर पडलं की भांडी बाहेर काढायची, तळाशी वाटी-दीड वाटी गरम पाणी उरलेलं असतं. त्यातलं थोडं कणकेला. गरम पाण्यात भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. उरलेलं गरम पाणी फोडणीच्या कढल्यात ओतायचं, म्हणजे तेलकटपणा सुटतो, आणि तेच पाणी मग वरणात. फोडणी सगळी वरणात येते आणि कढलं जवळजवळ स्वच्छ होतं. तांदळाचं ते पांढुरकं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला. पिठूळ असल्यामुळे ओशटपणा चांगला निघतो. त्यानंतर स्प्रेच्या बाटलीतलं साबणाचं पाणी, काथ्या, आणि शेवटी मगभर स्वच्छ पाणी. अशा रीतीने दोन वेळचा स्वयंपाक आणि भांडी मिळून दहा लिटरच्या आत बसतात.

तळण गाडीत करत नाही. हलत्या जागेत तापलेलं तेल नको आणि उरलेल्या तेलाचं करायचं काय हाही प्रश्न असतो. सांडपाणी नदीत, ओढ्यात सोडायचं नाही हा नियम तर पहिल्यापासून आहे. सिंकच्या जाळीवर अडकलेलं खरकटं वेगळं काढतो आणि टाकी भरली की पेट्रोल पंपावर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून, शौचालयाच्या गटारात रिकामी करतो.

ताज्या भाजीची जागा भरून काढते ती ओट्यावरची फळी. सांगलीहून निघताना त्यावर शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची, जवसाची, लसणाची सुकी चटणी, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाची पिठी, आमसुलं, सांडगे, पापड असं सगळं असतं. तासगावचे बेदाणेही. ही फळी म्हणजे चवीसाठीची चैन असं मला आधी वाटायचं. प्रत्यक्षात तीच आमची भाजी आहे. भाकरी, कच्चा कांदा, जवसाची चटणी आणि वर दही हे पूर्ण जेवण होतं आणि त्याला दोन ताटल्यांपलीकडे भांडं लागत नाही.

पहिला लांबचा प्रवास आम्ही हिवाळ्यात राजस्थानात केला. जोधपूर, फलोदी, जैसलमेर, बाडमेर असे सावकाश फिरलो. उन्हाची काही कमी नव्हती. छतावर 400 वॉटचं सोलर पॅनल आहे, त्यावर दिवसाला दीड-दोन युनिट वीज सहज मिळायची. खाली 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, म्हणजे पूर्ण भरली तर अडीच युनिटच्या आसपास. इंडक्शनवर खिचडी करायला एक तृतीयांश युनिटही जात नाही. त्यामुळे दुपारचा स्वयंपाक उन्हावर आणि रात्रीचा गॅसवर अशी वाटणी झाली. मोड आलेली मटकी तर तिथे आपोआप व्हायची. रात्री भिजवून सकाळी ओल्या पंचात बांधून ड्रायव्हरच्या सीटमागे अडकवली की दुसऱ्या दिवशी लांब मोड.

पण राजस्थानात शिकायला मिळालं ते वेगळंच. मारवाडातल्या घरांतून पूर्वी पावसाचं पाणी टांक्यात साठवून ते वर्षभर पुरवायचे. टांकं म्हणजे अंगणात जमिनीखाली बांधलेली हौदासारखी टाकी. अशा घरात जो स्वयंपाक तयार झाला तो पाण्याचा एकेक थेंब जाणूनच झाला असणार, असं तिथल्या जेवणाकडे बघताना सतत वाटत राहिलं. गट्ट्यांची भाजी घ्या. बेसनाच्या वळकट्या पाण्यात उकडायच्या आणि तेच पाणी रश्श्याला वापरायचं. पापडाची भाजी, मंगोडीची भाजी, राबोडीची भाजी. यातली एकही भाजी धुवावी लागत नाही, कारण ती भाजी नाहीच. मंगोडी म्हणजे मुगाच्या डाळीचे वाळवलेले वडे, आपल्या सांडग्यांचेच भाऊ. राबोडी ताकात शिजवलेल्या मक्याच्या पिठाची, वाळवून ठेवलेली. पाण्याच्या जागी ताक हे तर सगळीकडेच. केर-सांगरी, म्हणजे वाळवंटी झुडपाची फळं आणि खेजडीच्या शेंगा यांची भाजी, मात्र प्रसिद्ध असूनही आम्ही गाडीत क्वचितच केली. वाळवलेली केर आणि सांगरी रात्रभर भिजवून, चोळून धुवावी लागते, आणि आमच्या टाकीला ते परवडत नव्हतं. ती ढाब्यावर खाल्ली.

फलोदीजवळच्या एका ढाणीपाशी, म्हणजे शेतातल्या छोट्या वस्तीपाशी, काही दिवस गाडी उभी होती. तिथल्या काकीसांनी मला बाजरीचा सोगरा थापायला बसवलं. आपल्या भाकरीपेक्षा जाड, आणि थापायचा दोन्ही तळव्यांमध्ये, परातीत नाही. म्हणजे पसरलेलं पीठही नाही आणि पीठ लागलेली परातही धुवायला नाही. मी तोवर गाडीत भाकरी परातीत थापत होते आणि नंतर परात खरवडत बसत होते. तिथून मी जाडसर भाकरी हातावर थापायला लागले. आपल्या सांगलीच्या पातळ भाकरीची सर तिला नाही हे खरं, पण गाडीत मी आता तीच करते. शिवाय त्यांनी पिठाबद्दल सांगितलं ते फार उपयोगी पडलं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळलेलं पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. चार-पाच दिवसांपुरतंच दळून घ्यायचं. ज्वारीचंही तसंच, जुन्या पिठाला विरी राहत नाही आणि भाकरी उचलताना तुटते. म्हणून सांगलीहून मोठा पिठाचा डबा भरून नेणं आम्ही बंद केलं. ज्या गावात असू तिथल्या गिरणीतून, तिथल्या धान्याचं, थोडं थोडं पीठ घ्यायचं. हिमाचलात तर ओढ्यावर चालणाऱ्या घराटातलं, म्हणजे पाणचक्कीतलं, गव्हाचं पीठ मिळालं. कोमट, नुकतं दळलेलं, आणि त्याला असा वास की पोळ्यांबरोबर दुसरं काही लागू नये.

हिमाचलातल्या उंचावरच्या स्पिती खोऱ्यात आम्ही उन्हाळ्याच्या शेवटी गेलो. सिमला, रामपूर, किन्नौर, मग नाको, ताबो आणि काझा. मनालीच्या बाजूने एकदम वर चढण्यापेक्षा या वाटेने उंची हळूहळू वाढते आणि शरीराला सवय होते. स्वयंपाकालाही होते. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं. काझा 3,650 मीटरवर आहे. तिथे पाणी 88 अंशांच्या आसपास उकळायला लागतं आणि कितीही मोठी आच केली तरी त्याच्या वर जात नाही. 4,400 मीटरवरच्या लांग्झाला 85 अंशांवरच. पातेल्यात भात खदखदतोय असं दिसतं आणि शीत मात्र मध्ये टचटचीत. चहासुद्धा लवकर उकळतो पण त्याला दम येत नाही, जास्त वेळ ठेवावा लागतो. कुकर इथे सोय म्हणून नाही, गरज म्हणून लागतो. आतला दाब वाढला की पाणी पुन्हा शंभरच्या वर तापतं. तरी खालच्याइतकं नाही, कारण बाहेरचीच हवा विरळ. म्हणून शिट्या मोजण्याचा हिशोब तिथे चालत नाही, वेळ वाढवावा लागतो.

मी डाळींची क्रमवारीच लावून टाकली. राजमा किन्नौरात खाऊन घेतला, कल्पा सुमारे 2,960 मीटरवर आहे, तिथवर तो रात्रभर भिजवला की कुकरमध्ये शिजतो. तिथला राजमा चवीला सुंदर असतो, तो काझ्याला नेऊन अर्धाकच्चा खाण्यात काय अर्थ. तूरडाळ डब्यात बंद. वर मुगाची आणि मसुराची डाळ. शिवाय गॅस वाचवायला एक युक्ती केली. कुकर पूर्ण प्रेशरला आला, मंद आचेवर थोडा ठेवला, की गॅस बंद करून अख्खा कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून ओट्याखाली ठेवायचा. अर्ध्या-पाऊण तासाने उघडला की डाळ मेणासारखी मऊ. आच नसताना आतल्या उष्णतेवरच ती शिजत राहते.

स्पितीत पाणी भरपूर. ओढे, झरे, वितळलेला बर्फ. मला वाटलं, आता टाकीची काळजी मिटली. पण तिथे पाण्याचा प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. इतक्या गार पाण्याने तेलातुपाची भांडी निघतच नाहीत. तूप ताटावर पांढरं होऊन बसतं, हात बधिर होतात आणि साबण फेसाळत नाही. भांडी धुवायची तर पाणी तापवायला हवं, म्हणजे गॅस. कोरड्या राजस्थानात जे हिशोब पाण्याचे होते ते इथे गरम पाण्याचे झाले. त्यामुळे तेल अगदी बेताचं. मेतकूट-भात, कढण, कुळथाची पिठी, आमसुलाचं सार. पिठी तर तिथे इतकी कामाला आली की मी पुन्हा गेले तर दुप्पट नेईन. कुळीथ आधी भाजलेले, मग दळलेले. पाण्यात कालवून उकळी आणली, आमसूल टाकलं, चमचाभर तेलाची लसणाची फोडणी, झालं.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला फार आवडली. आपल्या फळीवर जे जे भाजून दळलेलं आहे, ते ते उंचीवर चाललं. भाजणी, मेतकूट, पिठी. कारण धान्य आधीच भाजून झालेलं आहे, पाण्याला ते शिजवायचं कामच फारसं उरत नाही. आणि हिमालयातल्या लोकांनीही अगदी हेच केलं आहे. जव भाजून दळायचे, त्याचा त्साम्पा चहात किंवा ताकात कालवून खायचा. पाणी नीट तापत नाही, सरपण दुर्मीळ, मग उन्हातान्हात एकदाच भाजून ठेवायचं.

काझ्याच्या वरच्या एका गावात आम्ही एका घराच्या अंगणात गाडी लावली होती. घरच्या आमा रोज संध्याकाळी “जुले” म्हणत दाराशी यायच्या आणि मी काय करते ते बघायच्या. एकदा मी थालीपिठं लावत होते. गाडीत मी थालीपीठ थेट गार तव्यावरच थापते. भाजणी, बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, थोडं पाणी, गोळा करून तव्यावर ठेवायचा आणि बोटं ओली करत करत कडेपर्यंत सरकवायचा. मध्ये भोक, भोकात आणि कडेने तेल, वर झाकण, आणि मग गॅस पेटवायचा. फडकं नाही, पोळपाट नाही. दुसऱ्या थालीपिठाला तवा थोडा निवू द्यावा लागतो, तेवढा धीर हवा. आमांनी भाजणीचा डबा उचलला, चिमूटभर पीठ कोरडंच तोंडात टाकलं, आणि हिंदीत म्हणाल्या, हा तर आमचाच सत्तू, फक्त तुम्ही त्यात खूप काय काय घातलंय. मग काय काय ते मी सांगत गेले. ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, तांदूळ, धणे. धण्याला त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या जवाच्या पिठाची वाटी आणून दिली आणि मी त्यात कांदा-मिरची घालून तसंच थालीपीठ लावलं. जवाचं पीठ जरा चिकट, मोडायला लागलं, म्हणून मूठभर भाजणी मिसळली. ती दोन्ही पिठांची थालीपिठं आम्ही तिघांनी ताज्या दह्याबरोबर खाल्ली.

त्या दिवसांत स्पितीत मटार निघत होता. तिथलं ते मोठं नगदी पीक आहे, गोण्या भरून खाली जातात. आमा रोज ओंजळभर शेंगा द्यायच्या. मटारासारखी सोयीची भाजी गाडीला दुसरी नाही. शेंगेत बंद असतो, धुवायचा नाही, चिरायचा नाही, सोलायला पाणी लागत नाही. आणि गोड इतका की अर्धा कच्चाच संपायचा. मटार-भात, मटार घालून पोहे, मटाराची उसळ. पोहे भिजवायलाही मी पाणी मोजून शिंपडते, निथळून फेकत नाही.

थंडीने मात्र दमवलं. लोसरला रात्री शून्याच्या आसपास गेलं. आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेन बराच असतो आणि ब्युटेन साधारण शून्य अंशाखाली वाफ व्हायचा थांबतो. सिलिंडरमध्ये गॅस असतो, पण सकाळी शेगडी मिणमिणते. सिलिंडरला ऊन लागेपर्यंत थांबायचं किंवा कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल गुंडाळायचा. आगीजवळ नेण्याचा विचारसुद्धा करायचा नाही. बॅटरीचंही तेच, लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तिची यंत्रणाच चार्जिंग थांबवते. म्हणून सकाळचा चहा रात्रीच करून थर्मासमध्ये. दुसऱ्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये कोमट दूध आणि विरजण. उघड्या भांड्यात तिथे दही लागत नाही, थर्मासमध्ये सकाळपर्यंत छान कवडी पडते.

वाफेचा त्रास मला आधी माहीत नव्हता. बंद गाडीत भात शिजवला की सगळी वाफ काचांवर आणि छतावर बसते, रात्री तिचे थेंब पांघरुणावर पडतात आणि पहाटे काचेवर आतून बर्फाचा पापुद्रा. थंडी वाजली तरी स्वयंपाकाच्या वेळी छताचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेवायलाच लागते. फोडणी तर मी दार उघडून, ओट्याच्या अगदी कडेला करते. आपण जिथे झोपतो तिथेच मिरचीचा ठसका नको.

कुंझुम पास 4,551 मीटरवर आहे. तो ओलांडताना पापडाची बंद पाकिटं उशीसारखी फुगली आणि लसणाच्या चटणीच्या बरणीने झाकण उघडताच फुस्स केलं. बाहेरचा दाब कमी झालेला असतो. तेलाच्या बाटल्या त्यामुळे वर चढताना मध्येच एकदा उघडून पुन्हा घट्ट लावाव्यात. मग लाहौल, अटल बोगदा, आणि खाली कुलूचं हिरवं खोरं. तिथल्या पहिल्याच नळापाशी कपडे, भांडी आणि आम्ही दोघं, सगळ्यांची स्वच्छ धुलाई झाली.

येत्या हिवाळ्यात कोकण, गोवा आणि तिथून केरळपर्यंत किनाऱ्याने जायचं आहे. तिथे फळीवरचं निम्मं सामान निरुपयोगी ठरेल. दमट हवेत पापड-सांडगे मऊ पडतात, मेतकुटाच्या गुठळ्या होतात, शेंगदाण्याच्या चटणीला खवट वास लवकर येतो. म्हणून सुक्या चटण्या अगदी थोड्या नेणार, भाजणी छोट्या डब्यात. त्याऐवजी तांदळाचं पीठ, म्हणजे घावणे करता येतील, तेही एका तव्यावर. विहिरी आहेत, पाणी मुबलक, तेव्हा पालेभाज्याही होतील. नारळ तर वाटेत कुठेही मिळेल. विळी ड्रॉवरमध्ये मावत नाही आणि हलत्या गाडीत ती उघडी ठेवणं धोक्याचं. म्हणून ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवता येईल अशी खोवणी मिरजेच्या बाजारातून आणली आहे. ओट्याचा पत्रा पातळ आहे, जोर दिला की थोडा वाकतो. त्याखाली लाकडी फळी ठोकून घ्यायचं काम नवऱ्याने या रविवारी काढलं आहे.